आईकडचे पाय

माझ्या डाव्या पायाला चार बोटं आहेत. अंगठ्याशेजारचं बोट भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात कापलं, आणि ही गोष्ट मी माझ्या एकुलत्या एका मुलीपासून पाच महिने लपवून ठेवली. ती पुण्याला असते. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. "बाबा, बरे आहे ना?" ती विचारायची आणि मी म्हणायचो, "मले काय धाड भरली?" मग ती नातवाच्या शाळेचं सांगायची, मी आमच्या कारध्याच्या उन्हाचं सांगायचो आणि चहा थंड व्हायच्या आत फोन संपायचा.

लपवलं कशाला, तर माझ्या हट्टापायी. बायको गेली त्या वर्षी मुलगी मला पुण्याला घेऊन गेली होती. चौदा दिवस राहिलो. सातव्या मजल्याच्या खिडकीत बसून खालच्या गाड्या पाहायच्या, संध्याकाळी जावई आला की टीव्हीचा आवाज कमी करायचा. कोणी वाईट वागलं नाही, तेही सांगतो. पण पंधराव्या दिवशी मी पिशवी भरली. बोट कापल्याचं कळलं असतं तर ती पहिल्या गाडीनं आली असती आणि मला सामानासारखं उचलून घेऊन गेली असती. कारध्याला एकटं राहणं मला आवडतं असं नाही. घर खायला उठतं. भाजी एका माणसाची करता येत नाही, म्हणून सकाळचीच रात्री खातो, आणि मिठाचं प्रमाण चुकलं तर ते सांगायलाही कोणी नाही. पण घर माझं आहे.

बोट गेलं एका चिंचोक्यानं. मी रोज सकाळी कारध्याहून पूल ओलांडून भंडाऱ्याला चालत जायचो. पेपर घ्यायचा, चहा घ्यायचा, ओळखीचं कोणी भेटलं तर दोन शब्द बोलायचे आणि परत. एक दिवस घरी येऊन बूट काढला तर मोजा लाल. बूट उपडा केला तर त्यातून चिंचोका पडला. जाताना-येताना दोनदा वैनगंगा ओलांडली आणि पायाखाली चिंचोका आहे हे मला ठाऊक नव्हतं! दुसरा माणूस घाबरला असता. मी खूश झालो. या वयातही पाय किती कडक आहेत, असं वाटलं. हळद दाबली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो. पंधरा दिवसांनी बोट काळं पडलं, वास सुटला, तेव्हा कुठे आटो केला.

दवाखान्यात शुगर तपासली, ती आयुष्यात पहिल्यांदा. डॉक्टर बाई माझ्या मुलीच्याच वयाची. तिनं कागद पाहिला, मग मला पाहिलं. "काका, ही काही आजची नाही," ती म्हणाली. "घरात कोणाला शुगर? कोणाचा पाय, बोट कापलंय?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "आमच्या घराण्यात कोणालेच नाही." तिनं लिहून घेतलं.

पाचव्या महिन्यातला तो रविवार मला चांगला आठवतो. मुलगी बोलता बोलता म्हणाली, "बाबा, माह्या पायाले मुंग्या येऊन राहिल्या. तळवे भल्ले जळजळ करते."

मी कप खाली ठेवला. "डॉक्टरले दाखवलं काय?"

"दाखवलं ना. त्यानं विचारलं, घरी कोणाले शुगर आहे का म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडं कोणालेच नाही. ताकदीच्या गोळ्या देल्या."

"आमच्याकडं म्हणजे कोणाकडं?"

"म्हणजे सासू, सासरे, दीर. सारे ठणठणीत आहे. अन् तुमाले तर काईच नाही. तुमीच म्हणता, काय धाड भरली."

नातू पोटात होता तेव्हा तिची शुगर वाढली होती. बाळंत झाली, शुगर उतरली आणि आम्ही सगळे विसरलो. ते त्या क्षणी आठवलं. उद्या तिच्या चपलेत चिंचोका आला आणि तिला कळलाच नाही तर? तिच्या डॉक्टरला खरं उत्तर मिळायला पाहिजे होतं आणि खोटं उत्तर माझ्या घरातून गेलं होतं. तरीसुद्धा मी त्या दिवशी सांगितलं नाही. "बरं, पाणी पेत जा," असं काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. मग दिवसभर स्वतःलाच शिव्या घालत बसलो.

सोमवारी पाय दाखवायचा होता. त्या दिवशी डॉक्टरीणबाईनं एक नवीनच प्रकार काढला. नायलॉनचा एक जाडसर धागा. म्हणाली, "डोळे मिटा. तळव्याला दहा ठिकाणी हा टेकवते. लागला की हो म्हणा." मी डोळे मिटले. काही कळेना. पण हार कशी मानायची? अंदाजानं "हो" म्हणालो. पुन्हा "हो". तिसऱ्यांदा "हो" म्हणालो तर ती हसली. "काका, मी अजून लावलाच नाही." दहापैकी तीन जागी मला कळलं. तीसुद्धा टाचेकडे.

"रोज तळवा पाहायचा," ती म्हणाली. "तुम्हाला स्वतःला दिसत नाही. घरी कोणाला तरी पाहायला सांगा."

"घरी कोणी नाही."

"मग आरसा ठेवा."

मी उठायचं ते उठलो नाही. आडून विचारलं, म्हणजे मला वाटलं की आडून विचारलं, "डॉक्टर, समजा एखाद्याचं बोट कापलं. तर ते पोरीकडं जाते काय?"

"पोरीला अजून सांगितलं नाही तुम्ही," ती म्हणाली.

"विचारलं तेवढं सांगा ना!" माझा आवाज चढला. बाहेरची नर्स आत डोकावली.

ती काही रागावली नाही. खुर्ची जवळ ओढून तिनं मला समजावलं. कापलेलं बोट कोणी वारशात देत नाही, पण शुगरची प्रवृत्ती घरात उतरते. आणि शुगर सारखी असली तरी सगळ्यांचे पाय सारखे वागत नाहीत. एखाद्याच्या नसा लवकर मरतात, एखाद्याच्या पावलापर्यंत रक्तच नीट पोचत नाही, एखाद्याची जखम भरता भरत नाही. यातलं थोडं थोडं माणूस जन्मतःच घेऊन येतो. त्याला कारण असा एकच जीन नाही. ते पुष्कळ आहेत आणि एकेकाचा वाटा अगदी बारीक. रक्त तपासून कोणाचा पाय जाईल हे आज कोणी सांगू शकत नाही. "अन् सगळं रक्तावर ढकलू नका," ती म्हणाली. "शुगर तपासलीच नाही, जखमेवर हळद दाबून पंधरा दिवस चाललात, हे जीननं नाही केलं. पण घरात असे पाय किती, हे कळलं तर पुढच्या माणसाला लवकर सावध करता येतं."

"आमच्या घराण्यात नाही म्हणून सांगतलं ना."

"मी तुमच्या तोंडचं लिहिलं. आता वंशावळ काढून दाखवा."

वंशावळ! ही मला सांगते! मी तीस वर्षं पटवारी होतो. सरकारी कागदावर तलाठी, गावाच्या तोंडी पटवारी. माणूस मेला की त्याचे वारस कोण, हे कागदावर चढवणं हाच माझा धंदा. गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हा रेकॉर्डच्या गठ्ठ्यांची वाटणी करायला मलाच बसवलं होतं. मी तिच्या हातातला पेन घेतला आणि पाच मिनिटांत पणजोबापासून खाली उतरलो. आजोबा, त्यांचे दोघे भाऊ, बाबा, तीन काका, चुलतभाऊ. एका रेषेत. तिनं पाहिलं. "हे सगळे पुरुषच आहेत."

"मग? वंशावळ आहे."

तिनं दुसरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. माझा चौकोन, त्याच्यावर बाबांचा चौकोन आणि शेजारी आईचा गोल. बाबांच्या वर आणि बाजूला माझ्या यादीतले सगळे. आईच्या वर काहीच नाही, कोरा कागद.

"अर्धे तुम्ही इथून आलात," तिनं त्या कोऱ्या जागेवर पेन ठेवला. "इथले पाय कसे होते?"

तिनं घराण्यात विचारलं म्हणून मी घराण्याचं सांगितलं होतं. आमच्याकडे घराणं म्हणजे बापाचं. आईचं माहेर म्हणजे दुसऱ्याचं घराणं, तिकडची बिमारी तिकडची. असं कोणी शिकवलं नाही, पण विचारा कोणालाही, हेच सांगेल. माझी मुलगीही तेच बोलली होती. फक्त तिचं घर आता सासर झालं होतं.

आईचे पाय मला आठवत होते. एका थंडीत ती शेकोटीजवळ गोष्टी सांगत बसली होती. आधी वास आला. मग मीच ओरडलो, "आई, पाय!" तिच्या तळव्याखाली विस्तव आला होता. तिनं शांतपणे पाय उचलला, निखारा झटकला आणि म्हणाली, "आमच्याकडच्या बायांचे पाय लोखंडाचे असते रे." आम्ही सगळे हसलो. चिंचोका निघाला तेव्हा मी खूश कशाला झालो, ते हे असं. आईची शुगर कधी कोणी तपासली नाही. ती तापानं गेली, असं आम्ही सांगतो.

आणि तिच्या माहेरी जाऊन विचारायचं तर तिथे जायला मला तोंड नव्हतं. आईचं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं. जमीन धरणात जाणार म्हणून वारसांची नावं चढत होती, तेव्हा आईनं भावासाठी हक्कसोड लिहून दिलं. मला न विचारता! पटवारी पोराला न विचारता. माझं डोकं फिरलं. मामाच्या अंगणात उभा राहून नाही नाही ते बोललो. आई म्हणाली, "माहा भाऊ हाय, तुले काय करा लागते?" त्यानंतर मी मामाच्या दारात गेलो नाही. आईच्या मातीला तो आला, कोपऱ्यात बसला, उठून गेला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढे ते गाव उठून पवनीकडे कुठेतरी नवीन वसलं, एवढं ऐकून होतो.

दवाखान्यातून घरी येताना पुलावर थांबलो. एक गोष्ट राहून राहून डोक्यात येत होती. शेताचा हिस्सा आईनं सही करून सोडला, पण हा हिस्सा सोडता येत नाही. हा तिनं मला दिलाच होता, आणि मी मुलीला.

मुलीला फोन लावायचा तर नुसतं माझं बोट सांगून भागणार नव्हतं. आईकडं काय होतं, हेही तिच्या डॉक्टरला सांगायला पाहिजे होतं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर फोन करायची हिंमत होत नव्हती आणि मामाकडे जाणं त्याहून सोपं वाटत होतं. दोन दिवसांनी पवनीची एसटी धरली.

नवीन गाव पाहून मला तर कसंसंच झालं. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, झाडं अजून लहान. जुन्या गावात डोळे मिटून मामाचं घर सापडलं असतं. इथे नळावरच्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, "कुबडीवाले बुडे आजोबा काय? तिकडं, शेवटच्या लाइनीत." तेव्हाच मला कळलं.

मामा छपरीत खाटेवर बसला होता. ऐंशीच्या पुढचा. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. धोतराचा सोगा नुसताच लोंबत होता. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. काय म्हणायचं ते एसटीत चारदा ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यानं डोळ्यावर हात धरून पाहिलं.

"भासा होय काय गा?" तो म्हणाला. आमच्याकडे भाच्याला भासा म्हणतात. मग आत पाहून ओरडला, "भासा आला व! पाय धुवाले पाणी आण!"

इतक्या वर्षांनी आलो, का आलो, एक शब्द नाही. सून परात आणि पाण्याचा गडवा घेऊन आली आणि मामा खाटेवरून खाली सरकू लागला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा कितीही लहान असो, मामा कितीही म्हातारा असो. लहानपणी मामा माझे पाय परातीत धुवायचा आणि मी गुदगुल्या होतात म्हणून खिदळायचो. तोच मामा एका पायावर, खाटेचा माचवा धरून जमिनीवर बसत होता.

"मामा, नको," मी म्हणालो. "नको ना बाप्पा. माहीच लायकी नाही."

"लायकी कोण विचारून राहिलं? मोजे काढ."

मी पाय मागे घेतला. त्यानं घट्ट धरला, स्वतःच बूट सोडला, मोजा ओढला. पाणी घातलं. त्याचा हात बोटांवरून फिरला आणि थांबला. त्याला आता नीट दिसत नाही, म्हणून त्यानं बोटं चाचपून मोजली. मग जिथे बोट नव्हतं तिथे त्यानं आपला अंगठा ठेवला. त्याचा अंगठा तिथे आहे हे मला दिसत होतं, पण लागत नव्हतं.

"तुहंबी गेलं," मामा म्हणाला. "अंगठ्यापरिस लांब बोट होतं ते. माह्या मायसारखं."

मग त्यानं एकेक सांगितलं. माझ्या आजीच्या टाचेला रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसात भोक पडलं. ते कधी भरलं नाही. धानाच्या चिखलानं झालं, असं सगळे म्हणाले. थोरल्या मामाला बाभळीचा काटा रुतला, दोन बोटं गेली. तो काट्याचा दोष. याचा स्वतःचा पाय नवीन गावात आल्यावर सिमेंटच्या रस्त्यावर अनवाणी चालून भाजला. तो सरकारचा दोष. शुगर त्याला पाय कापताना कळली. दरवेळी काही ना काही कारण सापडत गेलं, म्हणून एकानंही बेरीज केली नाही. मीही चिंचोक्यालाच धरून बसलो होतो की!

"अन् आई?" मी विचारलं.

मामानं माझ्या पायावर अजून थोडं पाणी घातलं. आईला तो बाई म्हणायचा. "बाई आली होती दाखवाले," तो म्हणाला. "मरायच्या सालभर आधी. टाच सडली होती. म्या म्हटलं, पोराले सांग, तो दवाखान्यात नेईल. तर म्हणे, नको सांगू. तुह्या घरी आली असं कळलं तर त्याचा पारा चढते."

मी त्या परातीतल्या पाण्याकडे पाहत राहिलो. माझ्या आईची टाच माझ्याच घरात सडत होती आणि ती मला भिऊन चार कोस भावाकडे दाखवायला गेली. मी रडलो. साठी ओलांडलेला माणूस, सुनेसमोर, हमसून हमसून रडलो. मामानं माझा पाय पुसला. बोटांच्या मधून, कापडाचं टोक घालून, जसा लहानपणी पुसायचा तसाच. "आता तूही पोरीपासून लपवून ठेवजो," तो म्हणाला. मी काही सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडावरून ओळखलं असावं.

मी तिथूनच, मामाच्या छपरीतून, मुलीला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून ती आधी घाबरलीच. मी सगळं सांगितलं. चिंचोका, बोट, नायलॉनचा धागा आणि माझे अंदाजाचे हो, आजी, दोन्ही मामा, आईची टाच.

"पाच महिने?" ती म्हणाली. "पाच महिने तुमी मले, काय धाड भरली, काय धाड भरली, म्हणत होते?" आणि फोन कट.

त्यानंतरचे चार दिवस कसे काढले ते मलाच माहीत. फोन हातात घेऊन बसायचो. दोनदा पेपरवाल्याचा फोन आला, एकदा रिचार्ज संपल्याचा. भंडाऱ्यापर्यंत चालणं डॉक्टरनं बंद केलं होतं, त्यामुळे दोन शब्द बोलायचीही सोय नव्हती. सकाळी बायकोचा जुना हातआरसा भिंतीला टेकवायचा, समोर पाट घेऊन बसायचं, पाय उचलायचा आणि स्वतःचा तळवा पाहायचा. आरशाच्या एका कोपऱ्यात टिकलीचा डिंक अजून आहे. तो मी काढला नाही. एवढंच दिवसातलं काम. मुलगी रागानं डॉक्टरकडे गेलीच नाही तर, हा एकच विचार. माझ्यावरचा राग जन्मभर ठेव म्हणावं, पण पाय दाखवून ये.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला.

"शुगर निघाली, बाबा," ती म्हणाली. आवाज रागाचाच होता. "फार नाही. पण निघाली."

"अन् पाय?"

"त्यानं तो धागा लावला. डोळे मिटाले लावले. मी सांगतलं त्याले, माहे बाबा अंदाजानंच हो म्हणते, मी तसं नाही करणार." मग तिचा आवाज फुटला. "दहाच्या दहा ठिकाणी लागलं, बाबा. नसा अजून चांगल्या आहे म्हणे. वेळेवर आली म्हणे."

मी खाली बसलो. पाटावरच बसलो.

"आता रडता काहून?" ती ओरडली. ती स्वतःही रडत होती.

संध्याकाळी तिनं एका कागदाचा फोटो पाठवला. तिनं स्वतः काढलेली वंशावळ, डॉक्टरला दाखवायला. चौकोन आणि गोल. खाली तिचा गोल, वर माझा चौकोन, त्यात बारीक अक्षरात 'बाबा'. माझ्यावर आई, आईच्या बाजूला दोन्ही मामा, त्यांच्यावर आजी. सासरचं एकही माणूस त्या कागदावर नव्हतं. तिचा डॉक्टर तिला म्हणे, त्यांचा तुमच्या पायाशी काही संबंध नाही. मी आयुष्यभर शेकडो वंशावळी काढल्या, पण एखादी इतका वेळ पाहत बसलो नव्हतो. मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. पोरीला माझ्याकडून बिमारी गेली, आणि मी खूश कशानं, तर तिच्या कागदावर मी आहे यानं.

पुण्याला मी गेलो नाही. तिनं दोनदा म्हटलं, मग सोडून दिलं. पण रविवारचा फोन आता व्हिडिओवर असतो. "चहा-पाणी मग. आधी तळवा दाखवा," ती म्हणते. मी पाय उचलून फोनसमोर धरतो. नातू मागून "ई!" म्हणून हसतो. ती जवळून पाहते. "उजवीकडं वळवा. टाच दाखवा. बोटाच्या मधात दाखवा." मग मी म्हणतो, "आता तुहा." ती मला तिचा दाखवते. तिच्या अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब आहे. मी बाप आहे, पण तेही मी आत्ता पाहिलं.

महिन्यातून एकदा मामाकडे जाऊन येतो, त्याच्या उरलेल्या पायाचा तळवा पाहायला. बाकी दिवस घरी. सोमवार ते शनिवार सकाळी आरसा भिंतीला लावतो, पाट घेतो, पाय पाहतो, आरसा पुसून परत खुंटीला अडकवतो. रविवारी आरसा लागत नाही.